पॅन तुमचा, फर्म भलत्याचीच

प्रश्न : मी कराडला खासगी शाळेत शिक्षिका आहे. माझ्या पॅनवर दिल्लीतल्या एका फर्मची २ कोटी ८० लाखांची उलाढाल दिसते, ती विवरणपत्रात का दाखवली नाही, अशी आयकर खात्याची नोटीस आली आहे. घरबसल्या काम देणाऱ्या एका एजंटाला मी पॅन-आधारच्या झेरॉक्स दिल्या होत्या. ओळखीचे सांगतात, माझ्या पॅनवर काढलेला त्या फर्मचा जीएसटी नंबर सरेंडर करून मोकळ्या व्हा. करू का?

उत्तर : ताई, सरेंडर मुळीच करू नका. तो अर्ज मालकाने करायचा असतो. तुम्ही केलात की फर्म आपली होती हे मान्य केल्यासारखे होईल. मागचा कर, व्याज, दंड सगळे मग तुमच्याकडे मागतील. अशा फर्म बोगस बिले फाडून इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) पुढे सरकवण्यासाठीच काढतात. तेव्हा पहिल्या कागदापासून एकच म्हणणे ठेवा : ही नोंदणी माझी नाही.

जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता पॅन टाकून शोधता येते. त्यावर किती नंबर घेतलेत ते सगळे पाहा. प्रत्येकाचा पत्ता, नोंदणीची तारीख आणि संबंधित अधिकारी तिथेच कळेल. त्या अधिकाऱ्याला लेखी कळवून जीएसटी कायद्याच्या कलम २९(२)(ई)खाली, म्हणजे फसवणुकीने मिळवलेली म्हणून, नोंदणी रद्द करायला सांगा. सोबत मूळ अर्जाच्या प्रती जरूर मागा. भाडेकरारावरची सही, फोटो, मोबाइल नंबर, ईमेल यांतले काय तुमचे नाही, हे दाखवता आले की तुमची बाजू भक्कम होते.

पोलिसांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६सी (ओळखचोरी) आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ३१९ (तोतयेगिरीने फसवणूक) नमूद करून तक्रार द्या. ‘दिल्लीला जा’ म्हणाले तर झिरो एफआयआरचा, म्हणजे हद्द कुठलीही असो, इथेच गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरा. कलम १७३ (नागरिक सुरक्षा संहिता) तुमच्या बाजूने आहे. तरीही टाळले तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लिहा, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

नोटिशीची मुदत मात्र चुकवू नका. एफआयआर झाला नसला तरी तक्रारीची पोच जोडून उत्तर द्या. आयकर पोर्टलवरच्या तुमच्या एआयएसमध्येही (वार्षिक माहिती विवरण) ती नोंद नाकारा.

जाता जाता सिबिल अहवाल (तुमच्या नावावरच्या कर्जांची नोंद) काढा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. अनोळखी कर्ज दिसले तर लेखी हरकत घ्या. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते.