आबाजींचा अर्ज लपवू नका

प्रश्न : आमचे आजेसासरे पंच्याहत्तरीचे आहेत. १९७१ च्या लढाईत ते पूर्व आघाडीवर होते. २०२५ च्या मे महिन्यात सीमेवर तोफा सुरू झाल्या तशी आबाजींनी ट्रंक उघडली, मेडलं पुसली, बुटांना पॉलिश केलं आणि ‘मला पुन्हा सेवेत घ्यावे’ असा अर्ज लिहिला. पोरं हसली. सासूबाईंनी अर्ज कपाटात दडवला, तो आजही तिथेच आहे. आबाजी अजून विचारतात, उत्तर आलं का? या वयात कोणी फौजी परत लढलाय का? त्यांना काय सांगू?
— एक नातसून, महाल, नागपूर

उत्तर : सूनबाई, लढलाय. जॉन बर्न्स हे नाव आबाजींना सांगा.

अमेरिकेतल्या गेटिसबर्ग गावचा हा म्हातारा १८१२ च्या युद्धात लढलेला. १८६१ साली यादवी पेटली तेव्हा तो भरतीला गेला. वयामुळे त्याला परत पाठवलं. मग त्याने फौजेच्या गाड्या हाकल्या, पुढे गावात पोलीस शिपायाचं काम केलं. १ जुलै १८६३ ला लढाई थेट गावाच्या वेशीवर आली. सत्तरीला टेकलेला हा माणूस पितळी बटणांचा जुना कोट आणि उंच टोपी घालून, चकमकीच्या ठिणगीने उडणारी जुनी बंदूक घेऊन निघाला. जवान आधी हसलेच. पण अधिकाऱ्याने त्याला हाकललं नाही, झाडांचा आडोसा मिळेल अशा रानात लढणाऱ्या पलटणीकडे धाडलं. तिथे त्याच्या हाती नवी रायफल आली. काडतुसांची पेटी त्याने नाकारली, काडतुसं खिशात कोंबली आणि तो गोळ्या झाडत राहिला.

तीन जखमा झाल्या. पलटण मागे हटली, तो मैदानातच पडून राहिला. अंगावर वर्दी नाही, म्हणजे शत्रूला त्याला गोळी घालायला कारण मिळालं असतं. त्याने रायफल दूर सारली, काडतुसं मातीत पुरली आणि आपण लढणारे नव्हेच असं सांगून जीव वाचवला. त्याच नोव्हेंबरात अध्यक्ष लिंकन गावात आले, ते मुद्दाम त्याला भेटले. पुढे त्याला पेन्शन मिळालं.

ही गोष्ट मला फार जवळची आहे. कामठीच्या गार्ड्स सेंटरमध्ये मी रंगरूट होतो तेव्हा आमचे जुने उस्ताद पोरांच्या नुसत्या पावलांवरून ओळखायचे, कोण घाबरलाय. ती नजर पेन्शनीत जात नाही. आबाजींकडेही ती असणार.

आता खरं ते सांगतो. पंच्याहत्तरीत कोणी रायफल देणार नाही, आणि देऊही नये. पेन्शनर फौजी पुन्हा वर्दी चढवतात ते डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये. आयुध निर्माण्या, दारूगोळ्याची कोठारं यांचा पहारा तेच देतात. २०१६ साली पुलगावच्या डेपोतल्या आगीत त्यांची माणसं गेली, हे आपल्या विदर्भात कोणी विसरू नये. पण ती भरती निवृत्तीनंतर थोड्याच वर्षांत करावी लागते.

म्हणून अर्ज कपाटातून काढा आणि तो दडवला होता हे आबाजींना स्वतः सांगा. रागावतील, रागावू द्या. मग पोरांपैकी एकाला सोबत देऊन त्यांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पाठवा. अर्जात एक ओळ त्यांच्याच हाताने वाढवू द्या : नागरी संरक्षणाचं जमेल ते काम करीन. सायरन झाल्यावर वस्तीतल्या माणसांनी कुठे जमायचं, जखमीला कसं उचलायचं, दिवे कोणी बंद करायचे, हे शिकवायला गोळीबार ऐकलेला माणूस लागतो. राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय ज्या संस्थेतून उभं राहिलं, ती १९५७ साली आपल्याच नागपुरात सुरू झाली. ही कामं किती महत्त्वाची, ते या शहराला वेगळं सांगायला नको.

कार्यालयातून नकार आला तर तो कागद आबाजींच्या हातात द्या. फौजीला नकार पचतो. आपला अर्ज घरच्यांनीच अडवला, हे पचत नाही.