जीवन म्हणजे काय हे चित्रांतून शोधणारा जपानी चित्रकार कोणता? त्याची चित्रं कशी बघावीत?

होकुसाईची लाट सगळ्यांनी पाहिली आहे, ती सोडा. माझं उत्तर इतो जाकुचू (१७१६–१८००). क्योतोच्या निशिकी बाजारातल्या भाजीच्या घाऊक व्यापाऱ्याचा थोरला मुलगा. वडील गेल्यावर तेविसाव्या वर्षी गादीवर बसला, चाळिशीत धंदा धाकट्या भावाच्या गळ्यात घातला आणि अंगणात कोंबड्या पाळून त्यांच्याकडे बघत बसला.

आमचा मार्केट यार्डात भाजीचा गाळा. म्हणून हा माणूस मला भावकीतला वाटतो.

सातवीत एलिमेंटरीच्या सरावाला मी गाळ्यावरून कोबीचं वरचं पान नेलं होतं. अळीनं चाळणी केलेलं. प्रत्येक भोक काढलं, भोकाभोवतीची तपकिरी कडही काढली. सरांनी वहीवर रबर आपटला. "परीक्षेला कीड काढतात का? पान नीट भरून काढ." भरलं. पुढे परीक्षेत सी ग्रेड मिळाली. घरी वडीलही सरांच्याच बाजूचे: "जे पान आम्ही सोलून फेकतो, त्याचं कसलं चित्र?"

जाकुचूने रेशमावर तीस चित्रांची 'दोशोकु साई-ए' (म्हणजे साधारण 'सजीवांची रंगीत चित्रं') ही मालिका काढली, दहाएक वर्षं खपून. त्यातल्या एकात तळ्याकाठी भोपळ्याचा वेल आहे, बेडूक आहेत, साप आहे, आणि पानांना भोकं आहेत! कडा करपलेल्या, अगदी माझ्या कोबीसारख्या. खाणारा किडा आणि खाल्लं गेलेलं पान, दोघांवर सारखीच मेहनत. कुठे कुठे रंग रेशमाच्या मागच्या बाजूनेही लावलाय. ही चित्रं त्याने शोकोकुजी मंदिराला बुद्धाच्या तीन चित्रांसोबत अर्पण केली. जीवनाबद्दल त्याला काय म्हणायचं होतं, ते यात आलं असं मला वाटतं. कशी बघावीत? भोकांपासून सुरुवात करा.

कंपनीच्या कामाने क्योतोला गेलो होतो तेव्हा निशिकीत पोचायला उशीर झाला. दुकानं बंद. पण खाली ओढलेल्या शटरांवर त्याचीच चित्रं रंगवलेली! भाजीबाजाराने चित्रकार मिरवावा, हे बघून मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. सरांची आठवण आली, ती चांगल्या शब्दांत नाही.

आता खरं सांगायचं तर, त्याच्या पाठीशी चालता धंदा होता, आपल्या नसतो. तरी १७८८च्या आगीत घर जळालं आणि म्हातारपणी मापभर तांदळावर त्याने चित्रं दिली. वडिलांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. त्यांनी फक्त दुसरी लक्षात ठेवली. आणि मी चित्रकार नाही, हिशेब लिहितो, तेव्हा जाणकारांनी चूक असेल तर सांगावी.

त्याचं 'भाज्यांचं महानिर्वाण' मात्र बघाच. नुसती शाई. पालथ्या टोपलीवर बुद्धासारखा आडवा झालेला मुळा, भोवती वांगी, भोपळे, सगळी भाजी दुखवट्याला जमलेली. वडिलांना फोनवर दाखवलं. त्यांनी बोटांनी मोठं करून पाहिलं आणि म्हणाले, "फाटा फुटलेला मुळा आहे. असला माल उठत नाही."