नवजात बाळाचा सीआरपी नॉर्मल आला, म्हणजे सेप्सिस (रक्तातून शरीरभर पसरलेला गंभीर संसर्ग) नाही असं समजायचं का?

एकाच रिपोर्टवरून नाही. सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होतं आणि संसर्ग सुरू झाल्यावर रक्तात वाढायला त्याला साधारण १० ते १२ तास लागतात. बाळ दूध ओढेनासं झालं आणि तासाभरात रक्त घेतलं, तर आकडा अगदी छान दिसू शकतो. म्हणून डॉक्टर २४ तासांनी पुन्हा रक्त घेतात. त्या इवल्याशा हातात पुन्हा सुई बघवत नाही, पण नाही म्हणू नका. दोन्ही वेळा कमी आला, तर सेप्सिसची शक्यता खूपच कमी होते.

उलटही घडतं. अवघड बाळंतपणामुळे किंवा बाळाच्या श्वासात शी गेल्यानेही सीआरपी वाढतो.

प्रोकॅल्सिटोनिन हे संसर्गाची चाहूल देणारं रक्तातलं दुसरं द्रव्य सीआरपीपेक्षा लवकर वाढतं खरं, पण जन्मानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत ते निरोगी बाळातही वर जातं. त्यामुळे बाळ किती तासांचं आहे हे बघूनच तो आकडा वाचायचा. इंटरल्युकिन-६ हे असंच तिसरं द्रव्य त्याहूनही आधी वाढतं, पण तितक्याच झटकन उतरतं.

जंतू पकडायला ब्लड कल्चरच (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) हवं, तेही अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी आणि शक्यतो १ मिली रक्ताचं. बाळ सुस्त, गार पडलेलं किंवा धापा टाकत असेल, तर मात्र उपचार रिपोर्टसाठी थांबवायचे नसतात.