गोष्ट नंतर, आधी रिव्हॉल्वर बघा

जुन्या शस्त्रांच्या संग्रहाची सुरुवात वेब्ली मार्क सिक्सपासून, म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश लष्करी रिव्हॉल्वरपासून करताय, छान! हातात घेतल्याबरोबर सिलिंडरमधले (फिरत्या नळकांड्यातले) सहाही चेंबर, म्हणजे गोळ्यांचे खण, रिकामे आहेत ना, ते स्वतः बघा.

मग सांगाडा आणि सिलिंडरवरचे नंबर जुळवा. सिलिंडरची मागची बाजू घासून कमी केलेली दिसली, तर ते .४५ एसीपी या अमेरिकी पिस्तुलाच्या काडतुसांसाठी नंतर बदललंय. संग्राहक त्याला कमी मोल देतात.

पॉलिश मात्र अजिबात नको! नवखे इथेच चुकतात आणि शिक्के पुसून बसतात.

आता विकणारा सांगतो ती ‘सॉमच्या लढाईतल्या कॅप्टनचं’ ही गोष्ट. फ्रान्समधली ती लढाई १९१६ ची. सांगाड्यावर बनावटीचं साल १९१७ असेल तर विषय संपला. कोरलेलं नाव भिंगातून बघा: आजूबाजूचा धातू झिजलेला आणि अक्षरांच्या कडा धारदार, तर संशय घ्या. गोष्ट खरी ठरवणारे कागद नसतील तर गोष्टीचे जादा पैसे देऊ नका.