सर्व्हो मोटर आणि ड्राइव्ह: वाचकांचे प्रश्न

वागळे इस्टेट, ठाणे: लेबलिंग मशीनवर 3000 आरपीएमची, 750 वॅटची सर्व्हो (हुकमाप्रमाणे नेमकी फिरणारी मोटर) बसवली. 600 च्या वर जातच नाही. ड्राइव्हवर (मोटरला वीज देऊन चालवणारा कंट्रोलर) अलार्मही नाही. मोटर बदलावी का?

मोटर बदलू नका. 600 या आकड्यातच उत्तर आहे. पीएलसी म्हणजे मशीनला हुकूम देणारा कंट्रोलर; तो मोटर किती फिरवायची ते विजेच्या ठोक्यांनी, म्हणजे पल्सनी, ड्राइव्हला सांगतो. बऱ्याच छोट्या पीएलसीचे पल्स आउटपुट 100 किलोहर्ट्झपर्यंतच, म्हणजे सेकंदाला 1 लाख पल्स असते. ड्राइव्हमध्ये एका फेऱ्याला 10,000 पल्स ठेवले असतील, तर सेकंदाला 10 फेरे, म्हणजे मिनिटाला बरोबर 600. पीएलसी पुरी पडत नाही, म्हणून ड्राइव्ह अलार्म कशाला देईल?

3000 आरपीएमला सेकंदाला 50 फेरे लागतात, म्हणजे एका फेऱ्याला 2000 पल्स ठेवा. एन्कोडर (मोटर किती फिरली ते मोजणारा सेन्सर) 17 बिटचा, म्हणजे एका फेऱ्याचे 131072 भाग मोजणारा असेल, तर इलेक्ट्रॉनिक गिअरमध्ये (पल्स आणि एन्कोडरचे गुणोत्तर ठरवणारे ड्राइव्हचे सेटिंग) वर 131072, खाली 2000. तुमच्या रोलरचा परीघ 200 मिमी धरला, तर एक पल्स 0.1 मिमी. लेबलला तेवढे पुष्कळ झाले. मोटरची चालही खडबडीत होत नाही, कारण ड्राइव्ह आतला नियंत्रणाचा लूप एन्कोडरच्या पूर्ण 17 बिटवरच चालवतो.

मात्र पीएलसीमधला मिमी-पल्सचा हिशोबही त्याच वेळी बदला. तो तसाच राहिला तर रोलर पाचपट लांब धावेल. अनेक ड्राइव्हमध्ये हा बदल पॉवर बंद-चालू केल्यावरच लागू होतो. पहिली चाचणी लेबलचा रोल काढून, कमी वेगात घ्या.

रबाळे: उभ्या अक्षावर हेड खाली येताना ओव्हरव्होल्टेजचा अलार्म येतो. वर जाताना कधीच नाही.

खाली येणारे वजन मोटरला जनरेटर बनवते आणि ती वीज ड्राइव्हच्या डीसी बसमध्ये (आतल्या कपॅसिटरमधला डीसी विजेचा साठा) परत येते. 230 व्होल्टच्या सप्लायवर बस साधारण 325 व्होल्टवर असते, आणि 400 च्या आसपास ड्राइव्ह ट्रिप होतो. रात्री लाइन 260 पर्यंत चढली तर बस आधीच 368 वर, मग उरते काय? अलार्म रात्रपाळीतच जास्त येत असेल तर आधी लाइन मोजा.

यावर इलाज ब्रेकिंग रेझिस्टर, जो ही परत आलेली वीज उष्णतेत घालवतो. कमी वॅटच्या अनेक ड्राइव्हमध्ये तो आत नसतोच, बाहेरून लावावा लागतो. मॅन्युअलमध्ये किमान किती ओहम चालतील ते दिलेले असते. त्याखाली गेलात तर आतला ट्रान्झिस्टर जातो. आत रेझिस्टर असेल तर बाहेरचा लावताना त्याचा जंपर काढा, मग ओहम आणि वॅट पॅरामीटरमध्ये भरा. रेझिस्टर चांगलाच तापतो, वायरच्या पट्टीपासून लांब बसवा. तो येईपर्यंत खाली येण्याचा वेग कमी ठेवा आणि थांबण्याचा वेळ वाढवा.

टर्मिनलला हात लावण्याआधी चार्जचा दिवा विझू द्या आणि मीटरने बस मोजा. पॉवर बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज राहतो.

महापे: थांबलेली मोटर गुणगुणते. गेन (ड्राइव्ह चूक किती जोराने सुधारतो ते सेटिंग) उतरवला की आवाज जातो, पण जॉबचे माप हटते.

गेनला हात लावण्याआधी मार्कर घ्या. शाफ्ट आणि कपलिंग दोन्हींवरून जाणारी एक सरळ रेघ ओढा आणि अर्धा तास मशीन चालवा. रेघ तुटून दोन तुकडे बाजूला सरकलेले दिसले, तर कपलिंगचा स्क्रू ढिला आहे. ट्युनिंगने ते दुरुस्त होणार नाही. बेल्ट असेल तर ताणही बघा.

रेघ जागेवर असेल तर लोडचे जडत्व मोटरच्या रोटरच्या किती पट आहे ते काढा. साधारण 10 पटीपर्यंत निभते, झटपट थांबा-चालू असेल तर 5 च्या आत हवे. पट जास्त निघाली तर 5:1 गिअरबॉक्स लावा. मोटरला जाणवणारे जडत्व 25 पटीने घटते, वेग मात्र पाचवा हिस्सा उरतो. हे सगळे ठीक असूनही आवाज येत असेल, तर त्या कंपनाच्या फ्रीक्वेन्सीवर नॉच फिल्टर (फक्त तेवढीच फ्रीक्वेन्सी दाबणारे ड्राइव्हचे सेटिंग) लावा आणि मग गेन हळूहळू चढवा. गुणगुण सुरू झाली की तिथून 20-30 टक्के खाली या.

तुर्भे: अॅब्सोल्युट एन्कोडरची (पॉवर गेल्यावरही जागा लक्षात ठेवणारा) बॅटरी बदलली आणि होम पोझिशनच (मोजणी जिथून सुरू होते ती जागा) गेली.

बॅटरी ड्राइव्हची पॉवर बंद असताना काढली असणार. फेऱ्यांची मोजणी त्या 3.6 व्होल्टच्या लिथियम बॅटरीवरच टिकते. आता एन्कोडरचा अलार्म रीसेट करून होम नव्याने शिकवा. पुढच्या वेळी ड्राइव्हची कंट्रोल पॉवर चालू आणि सर्व्हो ऑफ ठेवून बॅटरी बदला.