फुकट काम करणाऱ्याला बोलायचं कसं?

प्रश्न : आमची संस्था लातूर जिल्ह्यात संध्याकाळच्या अभ्यासिका चालवते. चार वस्त्या, प्रत्येक वस्तीत मानधनावर एक ताई आणि मदतीला स्वयंसेवक. एका केंद्रावर निवृत्त मुख्याध्यापक येतात. माणूस तळमळीचा, पण मुलांसमोर ताईंच्या चुका काढतात, ठरलेला धडा बदलतात, कधी आठवडाभर फिरकत नाहीत. ताई ‘उद्यापासून येत नाही’ म्हणतात. अध्यक्ष म्हणतात, ‘सर एक रुपया घेत नाहीत, त्यांना काय बोलायचं?’ त्यात निधीचा हप्ता न आल्यानं ताईंचं दोन महिन्यांचं मानधन थकलंय. मी काय करू?
— एक समन्वयक

उत्तर : सरांकडे नंतर जाऊ. आधी थकलेलं मानधन द्या. स्वतःला दोन महिने पैसे नाहीत आणि समोर दुसऱ्याच्या निःस्वार्थपणाचं कौतुक चाललंय, अशा वेळी ताईंनी सोडून जायची भाषा करणं मला अगदी रास्त वाटतं. किराणा दुकानातली उधारी त्यांच्या नावावर चढतेय, संस्थेच्या नाही. हप्ते अडकतात हे संस्थांना काही नवीन नाही. म्हणून स्थानिक देणग्यांतून निदान तीन महिन्यांचं मानधन बाजूला ठेवायचं आणि त्याला दुसऱ्या कशासाठीही हात लावायचा नाही, असा कार्यकारी मंडळाचा ठरावच करून घ्या. आणि पुढच्या प्रस्तावात हे मानधन प्रशासकीय खर्चात टाकू नका. वर्ग ताई घेतात, तेव्हा तो कार्यक्रमाचाच खर्च आहे. सीएसआरवाल्यांशी, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा निधी देणाऱ्यांशी, मी यावरून भांडलेय. पटवून दिलं की ऐकतात.

आता सर. त्यांना बैठकीत बोलू नका. घरी जा, एकट्या जा आणि स्पष्ट सांगा : ‘सर, केंद्र ताईंचं आहे. मुलांदेखत त्यांना टोकलंत तर मुलं त्यांचं ऐकायची थांबतील, आणि तुम्ही नसाल त्या दिवशी वर्ग त्यांनाच सांभाळायचाय. चूक दिसली तर वर्ग सुटल्यावर सांगा.’ शाळा तपासणीला आलेल्या साहेबांनी भर वर्गात बोललं की कसं वाटतं, हे मुख्याध्यापकाला वेगळं समजवावं लागत नाही.

पण नुसतं अडवून परत येऊ नका, त्यांना त्यांच्या तोलाचं काम द्या. पाचवीत गेली तरी हातच्याची वजाबाकी न येणारी मुलं प्रत्येक केंद्रावर असतात. 52 मधून 27 वजा करायला सांगा. एककाच्या घरात ती 7 मधून 2 काढतात आणि उत्तर 35 लिहितात. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधून, एक गठ्ठा सोडून दाखवत, एकेका मुलाजवळ बसावं लागतं. वीस-पंचवीस मुलं सांभाळणाऱ्या ताईंना एवढी सवड कुठून मिळणार? अशी पाच-सहा मुलं सरांच्या हवाली करा. मंगळवार आणि शुक्रवार, साडेपाच ते सात. हजेरीच्या वहीत सरांचीही सही. येणं जमणार नसेल तर आदल्या दिवशी फोन, आणि तो तुम्हाला नाही, ताईंना.

वेळेचा आग्रह मी धरते याला कारण आहे. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या हंगामी वसतिगृहांवर मी काम केलंय. आईबाप कारखान्याच्या पट्ट्यात गेलेले, मुलं गावात. दर शनिवारी येतो म्हणालेला एक दादा दोनदा आला आणि मग आलाच नाही. पुढचे कितीतरी शनिवार मुलं वह्या घेऊन ओट्यावर बसायची. त्यांची समजूत काढायचं काम शेवटी स्वयंपाकाच्या मावशींवर आलं. तेव्हापासून नवीन स्वयंसेवकाला मी आधी विचारते, ‘नक्की किती वेळ देशील?’ महिन्यातून एकच दिवस म्हणाला तरी चालतं, पण तो दिवस पाळायचा. राष्ट्रीय सेवा योजनेची कॉलेजातली मुलं घेत असाल तर त्यांना वर्षाला 120 तास भरायचे असतात. ते तास एका शिबिरात उडवू नका, आठवड्यांत वाटून घ्या.

अध्यक्षांच्या कानावर आणखी एक घाला. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा विनावेतन काम करणाऱ्यांनाही धरतो. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती नेमावीच लागते. ‘फुकट येतात’ म्हणून कुणी नियमांच्या बाहेर राहत नाही. शिवाय तुमच्याकडे लहान मुलं आहेत. स्वयंसेवक कितीही आदरणीय असो, मुलांसोबत बंद खोलीत एकट्यानं बसायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगा. सरांनाही सांगा.

एवढं करूनही सर म्हणाले, ‘मी माझ्या पद्धतीनंच शिकवणार’, तर त्यांचे आभार मानून त्यांना थांबवा. वाईट वाटेल, गावात चार लोक बोलतील, अध्यक्षही रागावतील. त्यासाठी घरी जाण्याआधीच अध्यक्षांशी बोलून ठेवा : केंद्रावर शब्द ताईंचा चालेल, हे त्यांना मान्य आहे की नाही? ते नाही म्हणाले, तर सरांकडे जायची घाई करू नका. तुमचा खरा प्रश्न अध्यक्षांकडे आहे. तो पुढच्या कार्यकारी मंडळाच्या बैठकीत विषयपत्रिकेवर घ्या. त्या बैठकीला ताईंना बोलवा आणि आधी त्यांना बोलू द्या.