चाळीस खुर्च्यांच्या खोलीत ३५ मिमी थ्रीडी प्रिंट दाखवायची आहे, लेन्स कोणती घेऊ?

तुम्ही लिहिलंय की फिल्म क्लबची खोली दहाएक मीटर लांब आहे, ३५ मिमीचा प्रोजेक्टर १ किलोवॅटच्या झेनॉन दिव्यावर व्यवस्थित चालतो आणि जुन्या सामानाच्या बाजारात एक थ्रीडी लेन्स मिळतेय. ती लगेच उचलू नका. आधी प्रिंट बघा, मग पडदा ठरवा, लेन्स सगळ्यात शेवटी.

प्रिंटचा तुकडा उजेडासमोर धरा. एकाच फ्रेममध्ये एकावर एक अशी दोन बसकी चित्रं दिसली, तर ती वर-खाली पद्धतीची प्रिंट. १९८४ मध्ये ‘माय डिअर कुट्टिचातन’ या मल्याळम चित्रपटाने आपल्याकडे थ्रीडीची लाट आणली, त्या काळातल्या प्रिंट सहसा अशाच असतात. लाल-निळी रंगीत कड दिसली तर खास लेन्स लागतच नाही, पांढरा पडदा आणि रंगीत काचांचे चष्मे पुरतात. डाव्या-उजव्या डोळ्यासाठी वेगवेगळी रिळं असतील, तर ती १९५० च्या दशकातली पद्धत. तिला एकमेकांशी जोडून चालवलेले दोन प्रोजेक्टर लागतात, तेव्हा तो नाद सोडा. पुढचं सगळं वर-खाली प्रिंट धरून सांगतो.

लेन्सपेक्षा पडदा महत्त्वाचा, हे विक्रेता सांगणार नाही. पोलरायझर म्हणजे प्रकाशलहरी एकाच दिशेत कंपत ठेवणारा फिल्टर. लेन्सवर दोन डोळ्यांच्या चित्रांसाठी दोन वेगळ्या दिशांचे फिल्टर असतात आणि चष्मा त्यावरून चित्रं वेगळी करतो. पण हा प्रकाश साध्या पांढऱ्या पडद्यावर आपटला की त्याचं पोलरायझेशन मोडतं आणि दोन्ही डोळ्यांना दोन्ही चित्रं दिसू लागतात. म्हणून चंदेरी पडदाच हवा. त्याचा तोटा असा की समोरून तो लख्ख दिसतो आणि बाजूला बसलेल्याला अंधारा. लहान खोलीत कडेच्या खुर्च्या पडद्याच्या फार तिरक्या येतात, त्या सरळ काढून टाका. चाळीसच्या तीस झाल्या तरी चालेल.

आता लेन्सचं गणित. गेटची, म्हणजे प्रोजेक्टरमध्ये फिल्म ज्या खिडकीसमोरून सरकते तिची, रुंदी साधारण २१ मिमी. तिला प्रोजेक्टर ते पडदा या अंतराने गुणा आणि पडद्याच्या रुंदीने भागा. तुमच्याकडे ९ मीटर अंतर आणि ३ मीटर पडदा धरला तर ६३ मिमीची लेन्स येते (हा आकडा म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ). खोली लहान म्हणून लेन्सचा आकडा लहान, असं काही नसतं. ३० मीटर अंतर आणि १० मीटर पडद्याच्या थिएटरलाही हाच आकडा येतो. म्हणून थिएटरमधून निघालेली लेन्स तुमच्याकडे चालू शकते. ७५ मिमीची मिळाली तर चित्र अडीच मीटरचं पडेल, तेही वाईट नाही. नळीचा व्यास मात्र आधी मोजून घ्या. ७०.६ मिमीचा व्यास सर्रास आढळतो, पण तुमचा होल्डर जुना असेल तर वेगळा असू शकतो.

वर-खाली प्रिंटसाठी लेन्स दोन जातींच्या असतात. एकीत एकाच नळीत दोन लेन्स एकावर एक बसवलेल्या असतात. दुसरी म्हणजे नेहमीच्या लेन्सपुढे लावायची प्रिझमची जोड. जुळी लेन्स जास्त धारदार चित्र देते, पण तिच्या दोन्ही अर्ध्यांची फोकल लेंग्थ तंतोतंत सारखी हवी. एक चित्र किंचित मोठं पडत असेल तर कितीही स्क्रू फिरवा, मधोमध जुळेल आणि कडांना सुटेल. विकत घेण्याआधी हीच चाचणी करा: रेघांची टेस्ट फिल्म चालवून चारही कोपरे बघा. प्रिझमच्या जोडीत दोन्ही चित्रं एकाच लेन्समधून येत असल्यामुळे हा धोका नसतो, शिवाय फोकल लेंग्थ तुमच्या मर्जीची ठेवता येते. कडा थोड्या मऊ पडतात. तुमच्या जागी मी असतो तर प्रिझम घेतला असता.

काहीही घेतलंत तरी उभ्या दिशेच्या जुळणीवर वेळ घालवा. तीन मीटरच्या पडद्यावर चित्र जवळपास १४३ पट मोठं होतं, म्हणजे लेन्समधली ०.१ मिमीची चूक पडद्यावर १४ मिमी होते. आडवा फरक डोळे चित्राची खोली म्हणून वाचतात. एक चित्र वर आणि एक खाली असेल तर मात्र डोळ्यांवर ताण येतो आणि मध्यंतरापर्यंत लोक डोकं धरून बसतात. फिल्म गेटमध्ये हलली तरी दोन्ही चित्रं एकदमच हलतात, ही या पद्धतीतली मोठी सोय.

उजेडाची चिंता नको. अर्धी फ्रेम, पोलरायझर आणि चष्मा मिळून एका डोळ्यापर्यंत ढोबळमानाने पंधरा टक्केच पोहोचतो, पण तीन मीटरच्या चंदेरी पडद्याला १ किलोवॅटचा झेनॉन आरामात पुरतो. फक्त दिव्याचा झोत फ्रेमच्या बरोबर मध्यावर आणा, नाहीतर एक डोळा उजळ आणि एक मंद राहतो. फिल्म न लावता एकेक अर्धा झाकून मोजा.

जुन्या पोलरायझरची परीक्षा सोपी आहे. दोन्ही फिल्टर एकमेकांवर तसेच धरा आणि पलीकडे बघा. जवळजवळ काळं दिसायला हवं. पिवळट किंवा बुडबुडे आलेला असेल तर तो बदलावा लागेल, तेवढी किंमत कमी करून मागा. काचेत बुरशीचे धागे दिसतात का तेही टॉर्चने बघा. आपल्या पावसाळ्यात बंद पेटीत पडलेल्या लेन्सचं हेच होतं. चष्मे लिनियर (सरळ दिशेच्या) पोलरायझेशनचेच घ्या. मल्टिप्लेक्समधून ‘चुकून’ घरी आलेले बहुतेक सर्क्युलर (गोल फिरणाऱ्या) पोलरायझेशनचे असतात, ते इथे चालत नाहीत.

प्रिंट मध्ये कुठे दोन परफोरेशनच्या (फिल्मच्या कडेच्या भोकांच्या) फरकाने जोडली गेली असेल, तर तिथून पुढे डाव्या-उजव्या डोळ्याची अदलाबदल होते. चित्र विचित्र वाटायला लागलं की चष्मा उलटा, म्हणजे खालची कड वर करून, धरून बघा. तसं बरोबर दिसलं, तर लेन्सला हात लावू नका, फ्रेमिंगचा (गेटमधली फ्रेम वर-खाली सरकवण्याचा) नॉब फिरवा.